गार हाताची आई, गरम हाताचा बाबा

मुलांच्या दवाखान्यात आजारी मूल सांभाळणं हे सगळ्यात सोपं काम. मूल रडतं, ओकतं, लाथा झाडतं, पण खोटं बोलत नाही आणि तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटत नाही. खरा उपद्व्याप असतो तो त्याच्या आईबाबांचा. सव्वीस वर्षं मी या दवाखान्यात सिस्टर आहे. इतक्या वर्षांत आमच्या डॉक्टरीणबाईंनी जेवढी मुलं बरी केली असतील, त्याच्या दुप्पट आईबाप मी बरे केलेत. या कामाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, म्हणून निदान इथे सांगून टाकते.

तापाचे आईबाबा दारातूनच ओळखू येतात. पोट बिघडलेल्या मुलाचे आईबाबा पिशवीभर कपडे घेऊन येतात. पडलेल्या मुलाचे, ‘तुझं लक्ष कुठे होतं’ असं एकमेकांना विचारत येतात. तापाचे मात्र हात हलवत येतात, सगळं घरी विसरून. एकदा एक बाबा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मूल खाली गाडीतच राहिलं होतं.

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता जे दोघं आले, त्यांनी मूल आणलं होतं, पण ते सापडेना. आईच्या कडेवर एक ब्लँकेट होतं, ब्लँकेटात स्वेटर होता, स्वेटरवर टोपी होती. बाबाच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलेलं. भट्टीवरून तो थेट आला होता, डोक्यावरची कापडी टोपी काढायचंही त्याला भान नव्हतं.

“आधी ही गुंडाळी सोडा,” मी म्हटलं. “तापलेलं मूल आहे, पार्सल नाही.”

आतून तीन वर्षांची मुलगी निघाली. लालबुंद गाल, घामाने चिकटलेले केस, इवलंसं नाक. घरी तिला गुंडी म्हणत. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि माझ्या हनुवटीवरच्या चामखिळीकडे बोट दाखवलं.

“तुला बेदाणा लागलाय.”

माझा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला. ज्या मुलाला परक्या बाईच्या हनुवटीवरचा बेदाणा दिसतो, ते मूल फार आजारी नसतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मी यावर पैज लावायला तयार आहे. अर्थात आईबाबांना हे सांगून उपयोग नसतो. त्यांना आकडा हवा असतो.

मी थर्मामीटर लावला. एकशे एकच्या थोडा वर.

“बघ!” आई म्हणाली. “मी काल संध्याकाळी साडेसहाला घरी आले, हात लावला तर नुसता निखारा! आणि हा म्हणतो, थोडी कोमट आहे.”

“कोमटच होती,” बाबा म्हणाला.

“तुला कोमटच लागणार! सिस्टर, हा बेकरीत भट्टीवर असतो. पहाटेपासून त्या आगीच्या तोंडाशी उभा. याला उकळतं पाणीसुद्धा कोमट लागतं.”

“आणि ही कुठे असते विचारा ना. फुलांच्या कोल्डरूममध्ये. चार डिग्री! सोमवारी कामावरून आली, माझ्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, तुला ताप आहे, झोप. मी धडधाकट माणूस, नऊ वाजता झोपवलं मला.”

“हात दाखवा,” मी म्हटलं.

दोघांनी माझ्या तळहातांवर आपापला हात ठेवला. तिचा हात फ्रिजमधून काढलेल्या वाटीसारखा. सकाळी ती अजून कामावर गेलीही नव्हती, तरी तीन दिवसांत गारवा हाडात शिरला होता, त्यात भीतीची भर. त्याचा हात चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. या दोघांच्या मधे बिचारी गुंडी एकाच वेळी निखारा आणि कोमट होती. मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

“घरी थर्मामीटर नाही?”

“आहे. बॅटरी संपलीय,” आई म्हणाली.

“मग मी हा लावला,” असं म्हणून बाबाने खिशातून वीतभर लांबीची स्टीलची काडी काढली. वर गोल तबकडी. पाव आतून भाजला की नाही हे बघायची काडी ती. “धुऊन लावला हो, काखेत. अडतीसच्या वर दाखवत होता. ही घाबरली. मी म्हटलं, अगं, पाव पंचाण्णवच्या पुढे गेल्याशिवाय मी भट्टीतून काढत नाही. अडतीसला तर पीठसुद्धा नुसतं फुगायला लागतं.”

“हे म्हणाला हा मला! तापलेल्या मुलीच्या उशाशी बसून!”

मी ती काडी काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. आकडा तसा बरोबरच होता, अडतीस सेल्सियस म्हणजे आमच्या थर्मामीटरवर शंभराच्या वर, पण ते मी त्याला सांगितलं नाही. शेफारला असता.

डॉक्टरीणबाईंनी गुंडीला तपासलं. घसा लाल, छाती साफ, कान बरे, मान मोकळी. “व्हायरल आहे. दोन-तीन दिवस ताप येईल आणि जाईल. शनिवारी दाखवा,” असं म्हणून औषध लिहून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. त्या वाईट नाहीत, पण बोलणं त्यांनी माझ्यावर सोपवलंय. पडद्यामागे माझं टेबल आहे. तिथे एक वजनकाटा, एक खुर्ची, एक स्टूल आणि तापाचे तक्ते. तक्ता भरून आणायचा, आणि ताप उतरला की डॉक्टरीणबाई त्यावर एक तिरकी रेघ ओढून खाली सही करतात. म्हणजे केस संपली. ती रेघ बघायला आईबाबा किती आतुर असतात, हे तुम्हाला सांगून पटणार नाही.

दोघं माझ्यासमोर बसले. गुंडी वजनकाट्यावर चढून उतरू लागली.

“आता ऐका,” मी सुरुवात केली. पण ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. आईच्या डोळ्यांना एकदम धारा लागल्या.

“माझंच चुकलं. तीन वर्षं घरी होते, हिला साधं पडसं झालं नाही. सोमवारी कामावर परत गेले आणि बुधवारी ताप! मी घरी असते तर दुपारीच कळलं असतं. बारा ते सहा माझी शिफ्ट, तेवढा वेळ ही याच्याजवळ. आणि याच्या हाताला ताप कळतच नाही. मग कुणाच्या भरवशावर सोडायचं तिला? मी राजीनामा लिहून ठेवलाय, पर्समध्येच आहे. आज बारा वाजता सुपरवायझरच्या हातात देणार आणि घरी बसणार.”

बाबा आपल्या पिठाळलेल्या बुटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “सिस्टर, ही तिथे दिवसाला दोन हजार फुलं तपासते. एका पाकळीवर डाग असला तरी हिला दिसतो. सोमवारी घरी आल्यावर इतकी बोलत होती, इतकी बोलत होती! मी झोपायचं सोंग घेतलं तरी थांबेना. तीन वर्षांत एवढी बोलली नव्हती ही.”

“ते जाऊ दे आता,” आई म्हणाली.

मला राग आला. कुणाचा म्हणाल, तर कुणाचाच नाही, माझा स्वतःचा. कारण असाच एक कागद मीही दिला होता, इथे यायच्या आधी, मोठ्या हॉस्पिटलात असताना. माझी लेक चार वर्षांची असताना तिला असाच ताप आला, मी असेच हातपाय गाळले आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या टेबलावर राजीनामा ठेवून आले. ताप तीन दिवसांनी गेला. मी चार वर्षं घरी बसले. लेकीला तो ताप आज आठवतही नाही. मला ती चार वर्षं एकेक दिवसासकट आठवतात. परत आले तेव्हा माझ्या हाताखालच्या मुली माझ्या वरच्या झाल्या होत्या.

पण हे तिला सांगून काय होणार? घाबरलेल्या आईला दुसऱ्याची कहाणी ऐकवणं म्हणजे ओरडणाऱ्या मुलाला पाढे म्हणून दाखवणं. मी माझे नेहमीचे प्रश्न काढले.

“काल दुपारपासून पाणी किती प्यायली?”

सवयीने मी आईकडे बघून विचारलं. उत्तर बाबाने दिलं.

“चार छोटे कप. पाचवा अर्धा सांडला. तो धरू नका.”

“शू?”

“चार वेळा. दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा. सकाळची धरून पाच.”

“खाल्लं काय?”

“पावाचा मऊ भाग खाल्ला, कड ठेवली. नाहीतर ही कड आधी खाते आणि मऊ भाग मला देते. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. दोन वाजले होते. मग बाहेर पडलो तर पायरीवरून उडी मारली नाही, उचलून घे म्हणाली. बाकी खेळली. माझ्या टोपीत बाहुली झोपवली, तीनदा उठवली, तीनदा झोपवली. डावा कान ओढत होती म्हणून दाबून पाहिला, दुखत नव्हता, फक्त खाजत होता. श्वास बघितला झोपेत. सरळ होता.”

तो हे सगळं पिठाच्या गोण्या मोजाव्यात तसं सांगत होता, आवाज न चढवता. मी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत इतका चोख जबाब मला कुठल्या आईनेही दिला नव्हता. आणि त्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती, जणू शेजारी कुणी नवीनच माणूस येऊन बसलाय.

“तुला दोन वाजल्यापासून माहीत होतं?”

“ताप आहे हे नव्हतं माहीत. बरी नाही हे माहीत होतं.”

“मग फोन का नाही केलास मला?”

“केला असता तर तू अर्धी शिफ्ट टाकून धावत आली असतीस,” तो म्हणाला. “आणि मग परत कधी गेली नसतीस. ओळखत नाही का मी तुला? म्हटलं, पाणी पितेय, खेळतेय, तोवर थांबू.”

“ते तुमचं चुकलं,” मी त्याला खडसावलं. बाबा लोकांना वेळच्या वेळी खडसावलेलं बरं. “फोन करायचाच. येऊ नकोस असं सांगायला का होईना, पण करायचा.” मग आईकडे वळले. “आणि तुमचं हे चुकलं की ताप फक्त हातालाच कळतो असं तुम्हाला वाटलं. तुमचा हात खोटा, याचाही हात खोटा. पण याचे डोळे बघितलेत? आम्ही मुलाचा आकडा नंतर बघतो, आधी मूल बघतो. याने मूल बघितलंय.”

तिने डोळे पुसले, एवढंच.

“चला, तक्ता लिहून देते,” मी म्हटलं आणि ड्रॉवर उघडला. तक्ते संपलेले! छापखान्यातून ते सोमवारी येणार होते. “एखादा कागद आहे का तुमच्याकडे?”

आईने पर्समध्ये हात घातला. रुमाल, चावी, गुंडीचा एक मोजा असं काय काय काढून शेवटी एक घडी घातलेला कागद माझ्यासमोर सरकवला. मी तो उलगडला. माझ्या बाजूने कोरा होता. मागून अक्षरं उमटलेली दिसत होती. सहज उलटून पाहिलं. ‘माननीय सुपरवायझर यांस’ एवढं वाचलं आणि पुन्हा पालथा घातला.

तिचं लक्ष नव्हतं. गुंडी वजनकाट्यावरून तिच्या मांडीवर आली होती. मी तिला सांगू शकले असते, अहो, हा कागद नको, दुसरा द्या. सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं नाही. पट्टी घेतली, बॉलपेन घेतलं आणि चांगलं दाबून, मागच्या बाजूला वळ उठतील असं, रकाने आखले. नेहमीचे रकाने वेळेचे, पाण्याचे, शूचे आणि औषधाचे असतात. यांच्यासाठी मी आणखी तीन वाढवले: आईचा हात, बाबांचा हात, थर्मामीटर.

“बॅटरी आजच घाला. दर वेळी आधी दोघांनी हात लावायचा, काय वाटतं ते लिहायचं, मग यंत्राचा आकडा लिहायचा. झोपली असेल तर ताप मोजायला उठवायची नाही. औषध बाटलीबरोबरच्या मापानेच द्यायचं, घरातल्या चमच्याने नाही. अंगावर एकच सुती कपडा. बर्फ नाही, थंड पाण्याच्या पट्ट्या नाहीत, आणि तुमचा हातसुद्धा कपाळावर फार वेळ ठेवू नका, तो पट्टीपेक्षा गार आहे.”

बाबा फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले.

“आता हे लक्ष देऊन ऐका. श्वास भरभर चालला, आठ तास शू झाली नाही, उठवून उठेना, अंगावर पुरळ आलं किंवा झटका आला, तर फोन करत बसायचं नाही, सरळ मुलीला घेऊन यायचं. यातलं काही नसेल तर आकडा कितीही नाचू दे, तुम्ही नाचायचं नाही.” मग मी आईच्या हातात कागद दिला. “आज घरी राहायचं असेल तर रजा घ्या. आणि हा कागद शनिवारी मला जसाच्या तसा परत हवा. हरवला तर डॉक्टरीणबाई माझं डोकं खातील.”

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दारातून गुंडीने मला हात हलवला आणि सांगितलं, “बेदाणा पुसून टाक.”

शुक्रवारी दुपारी चार वाजता दवाखान्याचा फोन वाजला.

“सिस्टर, एकशे दोन!” आईचा आवाज.

“मूल काय करतंय?”

“पलंगावर उड्या मारतंय.”

“मग आधी तिला खाली उतरवा. तापाने काही होणार नाही, पण पडून दात पडेल.”

पलीकडून हसू ऐकू आलं. आधी तिचं, मग मागून त्याचं. राजीनाम्याचं काय झालं हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. शुक्रवारी चार वाजता ती घरी होती, म्हणजे रजेवर होती की कायमची? दुसरा कागद मिळायला असा किती वेळ लागतो! मी जीभ आवरली आणि संध्याकाळभर सगळ्यांवर खेकसत राहिले. डॉक्टरीणबाईंनी विचारलंसुद्धा, “सिस्टर, तुम्हाला बरं नाही का?”

शनिवारी दहा वाजता दार उघडलं. गुंडी पुढे, स्वतःच्या पायांनी, उंबरठ्यावरून उडी मारून. मागे दोघं. ब्लँकेट नाही, टोपी नाही. आईच्या हातात तोच कागद, कडेला औषधाचा गुलाबी डाग पडलेला.

मी तक्ता वाचायला घेतला. गुरुवारी दुपारी एक. आईचा हात: ‘जळतेय’. बाबांचा हात: ‘बरी आहे’. थर्मामीटर: एकशे एक. गुरुवारी संध्याकाळी सहा. आईचा हात: ‘खूप जळतेय’. बाबांचा हात: ‘कोमट’. थर्मामीटर: शंभर. शुक्रवारी सकाळी बाबांच्या रकान्यात: ‘भट्टीवरून आलो, मला गार लागली, माझं धरू नये’. शुक्रवारी रात्री नऊला आईच्या रकान्यात: ‘कोमट? नक्की नाही. पण कड खाल्ली’. ते ‘कड खाल्ली’ दोनदा अधोरेखित केलं होतं. शनिवारी सकाळी सात वाजता तिन्ही रकान्यांचं प्रथमच एकमत झालं होतं. आईचा हात: ‘बरी’. बाबांचा हात: ‘बरी’. थर्मामीटर: अठ्ठ्याण्णव. त्याखाली मेणखडूने काढलेलं एक वेटोळं होतं. तो गुंडीचा शेरा.

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, तक्ता पाहिला आणि एकट्याच हसल्या. मग पेन काढून नेहमीची तिरकी रेघ ओढली, खाली सही केली. “झालं. खेळू द्या तिला.”

त्या कागद माझ्याकडे देणार, एवढ्यात आईने हात पुढे केला.

“मॅडम, एक मिनिट.” तिने कागद उलटा केला. “या बाजूलाही एक रेघ मारता?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं. ‘घरगुती अडचणीमुळे मी नोकरी सोडत आहे’ वगैरे, चार ओळी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वजनकाट्याचा काटा शून्यावर आहे की नाही ते तपासत होते.

“ही काही माझी केस नाही,” त्या म्हणाल्या आणि पेन आईपुढे धरलं. “ही तुम्हीच बंद करायची.”

आईने पेन घेतलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हता. तो मुद्दाम गुंडीच्या बुटाची दोरी बांधत होता, आणि त्या बुटाला दोरी नव्हतीच. मग तिने वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, डॉक्टरीणबाईंच्या रेघेपेक्षा जाड, आणि खाली सही केली.

“गुरुवारी घरी गेल्यावर कळलं मला, कागद कुठला दिला ते,” ती मला म्हणाली. “वाटलं, दुसरा लिहावा. बसलेसुद्धा. पण दर तासाला हाच कागद उघडायला लागायचा आणि याचा रकाना वाचायला लागायचा.” मग जरा डोळे बारीक करून, “सिस्टर, तुम्ही वाचलं होतंत ना?”

“मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही.”

“चष्मा तर नाकावरच होता तुमच्या.”

यावर मी तिला वेळ विचारली. साडेदहा झाले होते. बाराची शिफ्ट होती. बाबाला मी ड्रॉवरमधली पावाची काडी परत दिली आणि ती पुन्हा कुणाच्या काखेत गेली तर गाठ माझ्याशी आहे, असं बजावलं. आईने गुंडीची पापी घेतली आणि निघताना बाबाला म्हणाली, “काही वाटलं तर फोन कर.”

“करीन. पण तू येऊ नकोस.”

“नाही येत,” ती म्हणाली आणि खरंच मागे वळून न बघता चालू लागली. दहा पावलांवर वळलीच, पण तेवढं चालायचंच.

तो कागद मी फाईलला लावला नाही. खरं तर लावायला हवा, नियम आहे. पण तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दोन्ही बाजूंना रेघ असलेला. कधी एखादी आई फार घाबरून आली की मी तो उगाच हातात घेते. तिला दाखवत नाही. माझ्या वेळी मेट्रनच्या टेबलावर असं पेन पुढे करणारं कुणी नव्हतं, एवढंच मनात येतं, आणि मग मी त्या आईवर जरा कमी खेकसते.